ज्या ठशावर चेहरा होता

अन्याय झाला तो माझ्या थोरल्या बहिणीवर. एकोणीसशे त्रेचाळीस साली, नागपंचमीच्या आदल्या दिवशी, दुपारी. करणारा मी. तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो. अन्याय हा शब्द रोज दहा वेळा लिहीत होतो, आणि तो आपल्या हातून घडू शकतो हे एकदाही मनात आलं नव्हतं.

पत्रकं लिहून हात असा बसलाय की कोणावर, कधी आणि कोणी, हे आधी टाकल्याशिवाय पुढं जाता येत नाही. टाकलं. आता बाकीचं सांगतो.

आमचं गाव कोरेगावच्या अलीकडं. अक्काला दिली सांगलीला, विश्रामबागेच्या पलीकडं, हळदीच्या रानात. दाजी पलटणीत होते. आमच्याकडं घरटी एक माणूस पलटणीत असतोच, त्यात नवल नाही. मी इंग्रजी शाळेत शिकायला अक्काकडंच राहायला होतो. जेवत होतो दाजींच्या ताटाशेजारी, आणि पायात वहाणा होत्या त्याही त्यांनीच सुट्टीवर येताना आणलेल्या. हे लिहिणं भाग आहे, कारण पुढं मी त्यांना काय म्हणालो तेही लिहायचं आहे.

अक्काच्या परसाला लागून एका म्हाताऱ्या रंगाऱ्याचं घर होतं. लाकडी ठशांनी लुगड्यांचे काठ आणि जाजमं छापायचा. गिरणीच्या कापडानं त्याचा धंदा बसला होता. नेमक्या त्याच वर्षी अक्काची पहिली मुलगी नऊ महिन्यांची होऊन गेली. अक्का दिवसदिवस परसात बसून असायची. म्हाताऱ्यानं एक दिवस कुंपणावरून तिच्या हातात पटाशी आणि लाकडाचा एक तुकडा दिला आणि म्हणाला, "पोरी, नुसतं बसू नगंस. हे खरवड." तिनं खरवडलं. पहिलं काय काढलं असेल तर पाळणा. रिकामा. पिवळ्या रंगाचा, आणि त्याच्या दोऱ्या लाल.

कापडावर नाही, कागदावर छापायची ती. सगळे रंग घरातले. हळद, काव, नीळ, लाख, दिव्याचं काजळ. त्यात खळ आणि बाभळीचा डिंक. एका चित्राला जितके रंग तितके ठसे. आधी पिवळा उमटवायचा, तो वाळला की लाल, मग निळा, मग तपकिरी. काळा सगळ्यात शेवटी, कारण रेघा सगळ्या काळ्याच्या. कागद ठशावर पालथा घालून पितळी वाटीच्या बुडानं घासायची. घासताना तिचा खालचा ओठ दातात धरलेला असायचा.

सासू म्हणायची, "सुतारीन झाली जनू आमची सून." शेजारच्या बाया विचारायच्या, देव का काढत नाहीस, लक्ष्मी काढ, लोक पुजतील तरी. अक्का म्हणायची, "लक्ष्मी बगितलिया कुनी? म्या बगितलंय त्येच काढतीया." तिनं बघितलेलं म्हणजे जात्यावरची आईची पाठ. बांगड्या भरणाऱ्या कासाराचा अंगठा. हळद शिजवून पिवळी झालेली स्वतःची बोटं. बाळंतिणीच्या खोलीतला दोरीवर वाळत घातलेला लंगोट. चित्राखाली नाव नाही, गाव नाही. पण इतका रंग, की ज्या भिंतीवर लागायचं तिथं दिवा लावल्यासारखं व्हायचं. तिच्या मनाचं दुःख मी तिच्या तोंडून कधी ऐकलं नाही. ते सगळं तांबड्यापिवळ्यात बघितलं.

लढाई पेटली आणि दाजी समुद्रापलीकडं जायचं ठरलं. आठ दिवसांच्या सुट्टीवर आले. त्यांचा फोटो नव्हता. फोटो काढला की आयुष्य उणं होतं असं त्यांच्या आईचं म्हणणं, आणि ते आईच्या शब्दाबाहेर नव्हते. अक्कानं ते आठही दिवस त्यांना परसदारी पाटावर बसवलं. मागं निळं दार, पुढं वाळत घातलेली हळद.

"गप बसा की जरा," ती म्हणायची.

"अगं, गोऱ्या सायबाम्होरंबी इतकं गप उबं ऱ्हायलो न्हाई म्या."

"तोंड मिटा. मिशी हालतीया."

"नाक लय मोटं काडलंस. तिकडं कुनी बगितलं तर हसंल."

"तिकडं कुनाला दावायचंय? हे हितं ऱ्हानार हाय."

मी पायरीवर बसून पाठांतर करत होतो आणि हसत होतो. दाजींच्या डाव्या भुवईत लहानपणी विळा लागल्याची खाप होती. अक्कानं ती खापसुद्धा काढली. चेहऱ्याचा काळा ठसा तिनं साध्या लाकडावर कोरला नाही. म्हाताऱ्या रंगाऱ्यानं मरताना तिला शिसवीची एक जुनी फळी दिली होती, लोखंडासारखी. बाकीचे चार ठसे शिवणीच्या हलक्या लाकडाचे.

दाजी गेले. दुसऱ्या वर्षी सरकारी कागद आला, बेपत्ता. मेला नाही, सापडला नाही, नुसता बेपत्ता. सासू कपाळ बडवायला लागली. अक्कानं कुंकू पुसलं नाही. कागद घडी करून ट्रंकेत ठेवला आणि चित्रं छापायला बसली. ज्यांची पोरं पलटणीत अशा बाया लांबून यायला लागल्या. त्यांना दाजींचं ते चित्र पाहिजे असायचं, कारण खाकी कपड्यातला, मिशीवाला, पाटावर बसलेला माणूस कुणाच्याही घरचा वाटावा असा होता. वीसबावीस कागद तिनं दिले असतील. कोरेगावकडं, आटपाडीकडं, कुठं कुठं. स्वतःजवळ एकही ठेवला नाही.

मी एकदा विचारलं होतं, तुझ्याकडं एखादं राहू दे की. ती म्हणाली, "ठसा हाय की. कागद कशाला?" हे ती रंगाऱ्याकडून शिकली होती. रंगाऱ्याच्या घरी त्याचं कापड कधी सापडत नाही. कापड गिऱ्हाइकाचं. त्याचा असतो तो ठसा.

आणि आमची रीत बरोबर उलटी होती. बेचाळीसच्या ऑगस्टनंतर मी शाळा सोडून गावी आलो आणि भूमिगतांची पत्रकं काढायला लागलो. मजकूर सायक्लोस्टाइलवर. मथळा मोठा, लांबून बाजारात दिसावा म्हणून लाकडात कोरलेला. झडतीत मथळ्याचं लाकूड सापडलं की माणूस गेलाच, म्हणून नियम असा, की पत्रकं निघाली की लाकडावर त्याच दिवशी रंधा मारायचा. तेच लाकूड पुन्हा पुढच्या मथळ्याला. आमच्या लेखी कागद बाहेर पडला की काम झालं. लाकूड म्हणजे पुरावा. वर्षभर हेच केल्यावर लाकडाकडं बघण्याची नजरच तशी होते. हे सबब म्हणून सांगत नाही. कसं घडलं ते सांगतो आहे.

त्या नागपंचमीला अक्का माहेरी आली. ट्रंक घेऊन आली, कारण आमच्या गावातल्या आणि आसपासच्या बायांनी चित्र मागितलं होतं आणि सणाला सगळ्या लेकी गावात असतात. कागद मिळत नव्हता, लढाईचे दिवस. तो मी आणून दिला, आमच्या पत्रकांतला. तिला एवढा आनंद झाला की आईला म्हणाली, "बग, माजा भाऊ कामाचा झाला."

आम्हाला पंचमीच्या जत्रेत पत्रक वाटायचं होतं. मथळा ठरला होता, 'खबरदार'. अडचण अशी, की आमचं लाकूड रंधून रंधून पातळ होऊन चिरलं होतं. आणि आमच्यातला जो सुतार कोरायचा तो म्हणाला, "आज द्या. उद्या पंचमी. उद्या म्या लाकडाला हत्यार लावनार न्हाई, सरकार उलटंना का." पंचमीला कापायचं नाही, चिरायचं नाही, खणायचं नाही. सरकारशी लढणारा तो गडी, पण नागाला भीत होता. म्हणून आदला दिवस.

आदल्या दिवशी बहिणी भावासाठी उपास धरतात. अक्कानं माझ्यासाठी धरला होता. सकाळपासून पाण्याशिवाय काही नाही. दुपारी पडवीत डोकं टेकलं आणि तिचा डोळा लागला. मी ट्रंक उघडली. चार ठसे हलके लागले, पाचवा जड. शिसवी. तोच उचलला.

सुताराच्या पडवीत ठसा त्याच्या हातात दिला. त्यानं तो उलटापालटा केला, फुंकर मारली, बोट फिरवलं.

"लय ग्वाड काम हाय रं. कुनाचं?"

"बहिणीचं."

"मग पाटीमागं कोरतो की. पाट कोरी हाय. म्होरलं ऱ्हाऊ दे तसंच."

हे वाक्य मी सहा वर्षं कुणाला सांगितलेलं नाही. त्यानं असं म्हटलं होतं. फळीची पाठ सपाट होती, कोरी होती, आणि त्यानं ती मला दाखवली होती. मी म्हणालो, "आधी तो इंग्रजांचा शिपाई घालव. त्याच्या पाठीवर आपला मथळा नको."

त्यानं चेहऱ्यावरून पुन्हा बोट फिरवलं. "तुजा दाजी न्हवं ह्यो?"

"तू रंधा मार."

त्यानं रंधा मारला. शिसवी कठीण, पण रंधाही चांगला होता. मिशी गेली, नाक गेलं. काळी भुकटी पाटावर पडली आणि वास सुटला. मला अभिमान वाटत होता.

दुसऱ्या दिवशी जत्रेत पत्रक वाटलं. लोकांनी धोतराच्या सोग्यात लपवून नेलं. दुपारी मी उड्या मारत घरी आलो. सोप्यात वीसेक बाया बसलेल्या. काहींच्या हाताला मेंदी, एकीच्या मांडीवर पोर. अक्कानं सकाळपासून पिवळा, लाल, निळा, तपकिरी असे चारही रंग बारा कागदांवर उमटवून ओळीनं वाळत घातले होते. बारा कागदांवर बारा माणसं पाटावर बसलेली. निळं दार, पिवळी हळद, खाकी अंग, आणि खांद्यावर चेहऱ्याच्या जागी तांबूस तपकिरी डाग. तोंड नाही. बाया काळ्याची वाट बघत होत्या.

अक्का ट्रंकेतून कपडे बाहेर काढत होती. "आये, काळा दिसना. सांगलीला ऱ्हायला का काय." आई म्हणाली, नीट बघ.

"मी नेलाय," मी म्हणालो.

"आन की मग. बाया खोळंबल्यात."

"तो आता नाही. त्यावर मथळा कोरलाय."

ती हसली. मी लहानपणापासून तिची चेष्टा करायचो, तसलंच काही समजली. एक म्हातारी म्हणाली, "सनासुदीला भैनीला रडवू नगंस, दे रं." मी जागचा हललो नाही. तेव्हा अक्काचं हसू हळूहळू उतरलं. तिनं पहिला प्रश्न विचारला तो असा:

"रंधा मारला?"

"हो."

"किती खोल?"

मी जाऊन तो ठसा तिला आणून दिला. पंचमी म्हणून त्यावरचा मथळा अजून रंधला नव्हता. तिनं 'खबरदार'च्या अक्षरांमधून बोट फिरवलं, अक्षरांच्या खाली काही रेघ उरली आहे का ते नखानं चाचपलं. मग पालथा केला. पाठ कोरीच होती. तिनं पाठीवरून तळहात फिरवला.

"हिकडं का न्हाई कोरलं रं?"

"सुचलं नाही," मी म्हणालो.

खोटं बोललो. ते आज इथं पहिल्यांदा खरं करून लिहितो आहे.

ती ओरडली नाही. बायांना म्हणाली, "आज न्हाई जमत. पुन्यांदा दीन." बारा कागद गोळा केले. संध्याकाळी आईनं पुरणाची दिंडं वाढली, तर अक्कानं एक माझ्या ताटात घातलं.

नंतर तिनं तो चेहरा पुन्हा कोरायला घेतला. शिसवी नव्हती, म्हणून शिवणीवर. एक झाला, तो वेगळाच कोणी निघाला. दुसरा तिच्या सासऱ्यासारखा झाला, आणि असं करत करत सात झाले. ती आम्हाला विचारायची. नाक कसं होतं? आई म्हणाली बसकं, सासू म्हणाली धारदार, मी म्हणालो मोठं, कारण त्या पायरीवरून मला दाजींचा तो विनोद आठवत होता, नाक आठवत नव्हतं. भुवईतली खाप तेवढी सगळ्यांना आठवत होती. "खापेभवतीनं मानूस कसा उबा करू," ती म्हणाली. ज्या बाईनं आठ दिवस त्या माणसाकडं रेघेरेघेनं बघितलं, तिलाच तो आता दिसत नव्हता. ती म्हणायची, बघितलेलं सगळं त्या लाकडात ठेवलं होतं, म्हणून डोक्यात ठेवलं नाही.

लढाई संपली. युद्धकैद्यांच्या छावण्यांतून माणसं परतली. दाजींच्या तुकडीतला एक हवालदार विचारत विचारत घरी आला. बूट बाहेर काढून, हात जोडून बसला. दाजी तापानं गेले होते, कधीच. अक्कानं ते ऐकून घेतलं, चहा केला, आणि मग तिनं कोरलेले सातही चेहरे कागदावर उमटवून त्याच्यापुढं मांडले.

"ह्यातला कंचा?"

हवालदारानं एकेक उचलून बघितला. घाम पुसला. "वैनी, खोटं कसं बोलू. ह्यातला कंचाच न्हाई." थोड्या वेळानं म्हणाला, "पर मलाबी आता सांगता यायचं न्हाई बगा. शेवटी शेवटी आमी सगळी सारकीच दिसत हुतो."

त्या दिवशी तिनं कुंकू पुसलं. सातही ठसे चुलीत घातले. आणि त्यानंतर आजतागायत ती दुसरं काही छापत नाही. ते उरलेले चार ठसे घेते, पिवळा, लाल, निळा, तपकिरी, आणि तो बिनतोंडाचा माणूस छापते. शहरातून आलेले एक चित्रकलेचे मास्तर ते बघून म्हणाले, काय धाडस आहे, चेहराच वगळला. मी तिथं होतो. मला सांगता आलं असतं. नाही सांगितलं.

स्वातंत्र्य आलं. एका शाळेत आमच्या चळवळीच्या वस्तूंचं प्रदर्शन भरलं. पत्रकं, सायक्लोस्टाइलचं यंत्र, आणि मखमलीवर ठेवलेला तो 'खबरदार'चा ठसा. पंचमीनंतर अक्कानं तो आईच्या स्वाधीन केला होता, आणि मी आईकडून मागून नेला. खाली चिठ्ठी: 'एका अज्ञात कार्यकर्त्याने कोरलेला'. मी भाषण करायला व्यासपीठावर होतो. अक्का बायांच्या रांगेतून आली, ठशापाशी थांबली आणि तिनं त्यावर हात ठेवला. बिल्ला लावलेला एक स्वयंसेवक धावत आला. "बाई, हात लावू नका. राष्ट्राचा ठेवा आहे."

"व्हय, व्हय," ती म्हणाली, हात काढला आणि रांगेत पुढं सरकली.

मी भाषण केलं. बलिदान हा शब्द चार वेळा आला.

राग कुणावर काढायचा ते मी पुष्कळ शोधलं. इंग्रजांवर काढून झाला, मास्तरांवर झाला, त्या स्वयंसेवकावरही झाला. शेवटी तो जिथला तिथं येतो. रागानं चेहरा परत येत नाही हे कळल्यावर मी पायी निघालो. वीसबावीस कागद तिनं वाटले होते, त्यातला एक तरी सापडावा म्हणून. आटपाडीच्या एका घरात सापडला. पाटावर बसलेला माणूस, निळं दार, काळ्या रेघा शाबूत. पण त्या घरच्या म्हातारीचा मुलगा लढाईत गेला होता, आणि ती पाच वर्षं रोज सकाळी त्या चित्राला हळदकुंकू लावत होती. कपाळापासून हनुवटीपर्यंत खपली धरली होती. मी ओल्या फडक्यानं जपून पुसून बघू का, असं विचारलं. ती म्हणाली, "नगं बाबा. लेक हाय त्यो माजा." मी पुसलं नाही. आणखी एका घरात पुन्हा तेच करायची माझी छाती झाली नाही.

बाकीचे कागद कुठंतरी आहेत. अक्का आता तिशीच्या पुढं गेली आहे, नजर कमी होते आहे, आणि मी हे लिहितो आहे ते क्षमेसाठी नाही. ती मिळाली तरी मला तिचा उपयोग नाही. हे तुमच्यासाठी आहे, सातारा-सांगलीकडच्या घरांतल्या माणसांसाठी. तुमच्या भिंतीवर, देव्हाऱ्याशेजारी, कणगीमागं असं चित्र असेल: निळं दार, पुढं पिवळी हळद, पाटावर बसलेला खाकीतला माणूस, डाव्या भुवईत खाप. तो तुमच्या घरचा नाही. तो माझ्या बहिणीचा नवरा आहे. वाचून झालं की उठा आणि बघा. असेल तर त्याला गंध लावू नका, पुसू नका, पोस्टात टाकू नका. सांगलीला जाणाऱ्या माणसाबरोबर विश्रामबागेपलीकडच्या हळदीच्या वस्तीवर निरोप धाडा, मी स्वतः तिला घेऊन तुमच्या दारात येईन. कागद तुमचाच राहील. तिला एक दिवसभर त्याच्यासमोर बसू द्या.